एका फेरीचं परमिट

१

कुणाच्याही घरून निघताना ‘या हं एकदा आमच्याकडे’ म्हटल्याशिवाय मालिनीबाई देवस्थळींचा पाय उचलत नसे. बोलवायचं ते बोलवायचंच. समोरचा येणार नसतो, तो यावा असं आपल्यालाही फारसं वाटत नसतं, आणि हे दोघांनाही पुरतं ठाऊक असतं. आपल्या माणसांची अर्धी मैत्री या न येण्यावरच टिकलेली. अमेरिकेत पस्तीस वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नव्हती. दातांचा डॉक्टर, पोस्टातली बाई, छप्पर दुरुस्त करून गेलेला माणूस, सगळ्यांना त्यांनी टेक्ससमधल्या शुगर लँडला जेवायला बोलावून ठेवलं होतं. त्यातलं कुणीही कधी आलं नाही.

दोन हजार सहाचा ऑगस्ट. आर्कान्सॉतल्या एका आडगावात सकाळी नऊलाच ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं बसत होतं. मिस्टर टकर नावाचा म्हातारा घराच्या पडवीत खुर्ची टाकून सह्या करत होता. समोर गवतात चोवीस फुटी ट्रेलर उभा होता. एक निजायची खोली, स्वयंपाकाचा ओटा, एवढीशी न्हाणी, आणि पुढच्या अंगाला पडदा लावलेली रुंद खिडकी. चाकांवरचं घर. म्हाताऱ्याची सही झाली की मालकीच्या कागदावर एकच नाव येणार होतं, मालिनी देवस्थळी. अडुसष्ट वर्षांत कुठल्याही घराच्या कागदावर पहिल्यांदा.

सह्या होईस्तोवर त्या ट्रेलरपाशी गेल्या. दार उघडं होतं. आत एक बाई पाठमोरी उभी राहून चादरीची घडी घालत होती. पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. शेवटचं आवरून देत असेल बिचारी. आपलं घर दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे काय, ते मालिनीबाईंना कुणी शिकवायला नको होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचंही शुगर लँडचं घर विकलं जाणार होतं.

“छान ठेवलंयत हो घर,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

बाई वळली नाही. घडी घालणारे हात मात्र थांबले.

आता पुढे काय बोलावं? निघताना जे बोलतात तेच मालिनीबाई बोलल्या. “या हं आमच्याकडे. नक्की या. तुमचंच घर समजा.”

२

नरेंद्ररावांनी चाळीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनी टाकल्या आणि त्या चाळीस वर्षांत एक नियम मोडला नाही. दीड वर्षापूर्वी डोक्यात गुठळी झाली, डावा हात लुळा पडला, गाडी चालवणं सुटलं. नियम सुटले नाहीत. काखेत निळी फाइल घेऊन ते पिकपच्या दाराशी उभे होते.

“दोन परमिटं. इथलं वेगळं, टेक्ससचं वेगळं. टेक्ससचं एकाच फेरीचं आहे. निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण, वाटेतली गावं, सगळं लिहून दिलंय. आणि ट्रेलर रिकामा हवा. रिकामा म्हणजे रिकामा, मालिनी. तुझा डाळीचा डबासुद्धा आत नको.”

“नाही हो ठेवला.”

“आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. दोन्ही राज्यांत गुन्हा आहे.”

“कालपर्यंत तुम्हीच म्हणत होतात, मागे जरा आडवा होईन म्हणून.”

“ते कायदा वाचायच्या आधी.”

आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी गावातल्या चाऱ्याच्या दुकानातल्या काट्यावर ट्रेलरचं वजनही करून आणलं होतं. आता ते आत शिरले. कपाटं उघडली, पलंगाची फळी उचलली, न्हाणीत डोकावले. मग दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. साखळ्या ओढून पाहिल्या, मागचे दिवे पाहिले, परमिटचा कागद मागच्या काचेला चिकटवला.

“त्या बाई उतरल्या ना?” मालिनीबाईंनी विचारलं.

“कोण बाई?”

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा सुमंत, मॅसॅच्युसेट्सहून, श्रूजबरीहून.

“आई, तू सिरियसली तो ट्रेलर ओढणारेस? चारशे मैल? ॲट युअर एज?”

“पन्नासाव्या वर्षी लायसन काढलं मी. तुझ्या बाबांनी शिकवलं नाही आणि तूही नाही. मॅन्युअल वाचून शिकले.”

“आय नो, आय नो. पण डील लक्षात आहे ना? ट्रेलर सेफली घरी पोचला तर तुम्ही तिकडे रहा, मी काही बोलणार नाही. काहीही झालं, एक टायर जरी फुटला, तरी तो तिथेच सोडायचा आणि फ्लाइट घ्यायची. बेसमेंट रेडी आहे.”

“कळलं.”

“प्रॉमिस?”

“हो रे बाबा, प्रॉमिस.”

शुगर लँडबाहेर, ब्राझोस नदीच्या काठी, ट्रेलर पार्कात त्यांनी एक जागा घेऊन ठेवली होती. तिथवर हे घर ओढत न्यायचं. नेलं तर स्वतःचं घर. नाहीतर श्रूजबरीचं तळघर, मरेपर्यंत.

३

पिकपच्या आरशात रस्ता दिसत नव्हता. आरसाभर ट्रेलरची ती पुढची खिडकी होती आणि खिडकीत तपकिरी पडदा. मालिनीबाई तो नीट ओढून आल्या होत्या.

हायवेला लागल्यावर वीसेक मैलांनी त्यांची नजर वर गेली. पडदा बोटभर बाजूला झाला होता.

हादऱ्यांनी सरकतो पडदा. त्यात काय? पुढच्या दहा मैलांत तो वीतभर सरकला. तोही हादऱ्यांनीच. फक्त सरकण्याची तऱ्हा त्यांना आवडली नाही. हादऱ्यांनी सरकणारं कापड पुढे जातं, मागे येतं, झुलतं. हा पडदा एकदा सरकला की तिथेच थांबत होता. कुणी बाहेर बघायला धरून ठेवावा, तसा.

“काय बघतेस सारखी? समोर बघ.”

“मागे जड वाटतंय.”

“ट्रेलर जडच असतो.”

“निघालो तेव्हा असा ओढत नव्हता. आता चढाला दम लागतोय.”

इंजिनिअर माणसाला एवढं पुरतं. पुढच्या ट्रक स्टॉपवर नरेंद्ररावांनी गाडी काट्यावर घ्यायला लावली. नुसत्या ट्रेलरचं वजन केलं, चिठ्ठी फाइलमधल्या कालच्या चिठ्ठीशेजारी धरली आणि उन्हात उभे राहिले.

“एकशेबारा पौंड जास्त.”

“काटा चुकला असेल.”

“दोन काट्यांत फरक पडतो. वीस, तीस पौंड. एकशेबारा नाही. टाकीत पाणी राहिलं असणार.” टाकीचं बूच त्यांनी स्वतः वाकून उघडलं. थेंब पडला नाही.

“एकशेबारा पौंड म्हणजे किती हो?”

“पन्नास किलो. साधारण तुझ्याएवढं.” ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

कुलूप काढून दोघं आत गेली. कपाटं रिकामी, न्हाणी रिकामी. पलंगावर एक चादर होती. चौपदरी, काठाला काठ लावलेली.

“ही सकाळी होती?” नरेंद्ररावांनी विचारलं.

“त्या बाईंनी ठेवली असेल.”

“मी फळी उचलली होती, मालिनी. वर काही नव्हतं.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “असेलही. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.”

हे वाक्य ते कधी बोलत नसत. मालिनीबाईंना चादरीपेक्षा त्याचीच भीती वाटली. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, पडद्याची दोन्ही टोकं एकत्र धरून पिन अडकवली आणि वरून दाबून पाहिली. आता सरक म्हणावं.

हायवेला लागून पाच मिनिटं त्यांनी आरशात बघितलं नाही. मग बघितलं. पडदा दोन्हीकडे सारून, सकाळी घरात उजेड घ्यावा तसा, नीट बाजूला बसवलेला होता.

४

दुपारी दीडच्या सुमाराला मागे निळे दिवे लागले.

पोलीस तिशीचा असेल. टोपी कपाळापर्यंत, बोलणं अगदी मऊ. नरेंद्ररावांनी काच खाली करायच्या आधीच फाइल उघडली होती. त्याने परमिटं पाहिली, मालकीचा कागद पाहिला, मान डोलावली.

“कागद सगळे चोख आहेत, सर. असे कागद मी क्वचितच बघतो.”

नरेंद्ररावांची छाती फुगली. मालिनीबाईंची धडधडत होती. कागद चोख असताना पोलीस गाडी थांबवत नाही.

“फक्त एक गोष्ट, मॅम. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायला परवानगी नाही. त्या बाईंना बाहेर यायला सांगा, आणि तुमच्याबरोबर पुढे बसू दे.”

नरेंद्ररावांनी फाइल मिटली.

“आत कुणी नाही,” नरेंद्रराव म्हणाले.

“सर, मी तुम्हाला ओव्हरटेक करत होतो. बाजूच्या खिडकीत त्या उभ्या होत्या. ओट्यापाशी. काहीतरी पुसत होत्या.” तो रागावलेला नव्हता. “वयस्कर आहेत. एक ब्रेक जोरात लागला तर पडतील. मी काळजीपोटी सांगतोय.”

नरेंद्ररावांनी खिशातून किल्ली काढून दिली.

पोलीस कुलूप काढून आत गेला. मालिनीबाई बाजूच्या आरशात पाहत होत्या. उघडं दार, दाराची पायरी, तीवर पडलेलं ऊन. दोन मिनिटं झाली, तीन झाली. एवढ्याशा खोलीत तीन मिनिटं बघण्यासारखं काय असतं? आतून आवाज येत होता, पण तो नुसता त्याचाच. काहीतरी विचारल्यासारखा, मग थांबल्यासारखा, मग पुन्हा.

तो बाहेर आला तेव्हा त्याची टोपी डोक्यावर नव्हती. हातात होती.

त्याने दार लावलं. हळूच लावलं, आत कुणी निजलं असावं तसं. खिडकीशी येऊन किल्ली परत दिली. चेहरा पांढरा पडला होता.

“आत कुणी नाही, सर,” तो म्हणाला. “माझी चूक झाली.”

“म्हणजे आम्ही जाऊ?”

“जा.” तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. नरेंद्ररावांकडे नाही, मालिनीबाईंकडे बघून म्हणाला, “तरी मॅम, जमलं तर त्यांना पुढे बसवा. मागे फार गरम होतंय त्यांना.”

५

नरेंद्ररावांनी स्वतःच म्हाताऱ्याला फोन लावला. मालिनीबाईंनी सांगितलं नव्हतं. स्पीकर लावून फोन मांडीवरच्या फाइलवर ठेवला. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला.

“मिस्टर टकर, आम्ही सकाळी ट्रेलर नेला ते. एक विचारायचं होतं. आपल्या पत्नी घरी आहेत का?”

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“मिस्टर टकर?”

“मी सगळ्या खोल्या बघितल्या,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही गेल्यावर. नाही इथे.”

“म्हणजे?” नरेंद्ररावांचा आवाज चढला. “आपण हे पोलिसांना सांगायला हवं. वृद्ध बाई घरातून निघून गेली म्हणजे...”

“तुमच्या मिसेस दाराशी तिच्याशी बोलल्या. पडवीतून दिसलं मला.” म्हातारा सावकाश बोलत होता, रडून झालेल्या माणसासारखा. “फार गोड बोलल्या त्या. तिच्याशी बरीच वर्षं कुणी बोललं नव्हतं. लोक माझ्याशी बोलतात.”

“त्या आत्ता कुठे आहेत, एवढंच मला सांगा.”

“बोलावल्याशिवाय ती कुठे जात नाही. तेवढं तिचं पहिल्यापासून आहे.” पंखा घरघरत राहिला. “त्रास नाही देणार ती. जागा फार लागत नाही तिला.”

फोन बंद झाला. नरेंद्ररावांनी पुन्हा लावला. वाजत राहिला, वाजत राहिला.

“तू काय बोललीस तिच्याशी?” त्यांनी विचारलं.

“जे सगळ्यांशी बोलते ते.”

६

राज्याची हद्द बारा मैलांवर राहिली असताना रस्त्याकडेला विसावा लागला. चार पाइनची झाडं, दोन बाकं. मालिनीबाईंनी गाडी आत घेतली आणि चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर मागचं ऐकू यायला लागलं.

ठप्. मग थोडा वेळ काही नाही. ठप्. धुतलेलं कापड वाळत घालायच्या आधी झटकतात, तसा आवाज.

“पत्रा तापला की वाजतो,” नरेंद्रराव म्हणाले.

“हो.”

“थंड होतानाही वाजतो.”

“हो.”

ठप्.

“सोडू या इथेच,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे येईल असं मालिनीबाईंना कधी वाटलं नव्हतं. “जोडणीचा आकडा काढू, साखळ्या काढू, कागद आत ठेवू. सुमंतला फोन करतो. लिट्ल रॉकहून फ्लाइट मिळेल.”

“आणि मग?”

“मग काय? तळघर काही वाईट नाही. खिडकी आहे एक.”

खिडकी होती खरी. गुठळीनंतरचे सहा महिने मालिनीबाईंनी त्या खिडकीतून लोकांचे बूट पाहत काढले होते. सून अंतरा वाईट नव्हती, तोंडातून एक वेडावाकडा शब्द नाही. तोच तर त्रास. वाईट असती तर भांडता आलं असतं. चांगल्या माणसांच्या घरात म्हातारी बाई हळूहळू अंग चोरायला शिकते. फोडणीचा वास वर जाऊ नये म्हणून साधं वरण खायला शिकते. जिन्यात कुणी समोरून आलं की भिंतीला पाठ लावून उभी राहते, श्वास आत ओढून, की बाई माझी अडचण नको. सहाव्या महिन्यात एकदा अंतराने दिवा लावला आणि दचकून किंचाळली. “आई! ओह गॉड, तुम्ही इथे आहात?” मालिनीबाई तासभर त्याच खोलीत बसल्या होत्या.

त्यांनी नरेंद्ररावांच्या मांडीवरची किल्ली उचलली.

“मालिनी, जाऊ नकोस.”

“घर माझ्या नावावर आहे,” त्या म्हणाल्या.

आत उकडत होतं, आणि त्या उकाड्यात साबणाचा ताजा वास होता. चादर पलंगावर नव्हती. न्हाणीचं दार ओढून घेतलेलं होतं. मालिनीबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मागे वळायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. समोर ती रुंद खिडकी होती, पडदा बाजूला सारलेला. काचेपलीकडे पिकप, पिकपमध्ये नरेंद्ररावांचं टक्कल. आणि काचेवर, अंधुक, त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब.

प्रतिबिंबाच्या मागे न्हाणीचं दार आवाज न करता उघडलं.

भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं होतं. कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या. छातीशी धरलेली चादर. मान खाली. चेहऱ्याच्या जागी काच नुसती पांढरी दिसत होती, ऊन असेल, ऊनच असेल. पण उभं राहणं स्पष्ट दिसत होतं. अंग चोरून, श्वास आत ओढून, वाट मोकळी करून देत.

ओरडायला उघडलेलं तोंड मालिनीबाईंनी मिटलं.

ते उभं राहणं त्यांच्या अंगाला पाठ होतं. भीती गेली नाही. ती तशीच होती. पण भीती वाटते म्हणून एका बाईला उन्हात रस्त्यावर सोडून जायचं? आणि स्वतः कुठे जायचं? तळघरात, भिंतीला पाठ लावायला?

“ऐका,” त्या मराठीत म्हणाल्या. इंग्रजी त्या क्षणी सुचलंच नाही. “माझ्या तोंडून गेलं ते गेलं. मी मागे घेणारी नाही. पण घर माझं आहे, हे आधीच सांगते. स्वयंपाक माझा, देव माझे, आणि आमच्या ह्यांना घाबरवायचं नाही. त्यांची तब्येत बरी नसते.”

ठप्, असा आवाज झाला. अगदी हलका.

“आणि इथे बसून चालत नाही. कायदा आहे. पुढे चला, आमच्यात.”

त्या पायऱ्या उतरल्या. दार उघडं ठेवलं. पिकपच्या मागच्या सीटचं दार उघडून, हातात धरून, एखाद्या मोठ्या बाईला गाडीत बसायला वेळ लागतो तेवढा वेळ त्या पाइनच्या झाडांकडे बघत थांबल्या. एक गार झुळूक त्यांच्या कोपराला घासून गेली. गाडी त्या बाजूला किंचित दबली. त्यांनी दार लावलं, ट्रेलरला कुलूप घातलं आणि येऊन स्टिअरिंगमागे बसल्या.

नरेंद्रराव समोर बघत होते. मान ताठ. चांगल्या हाताची बोटं फाइलवर पांढरी पडलेली.

“ट्रेलर आता रिकामा आहे,” मालिनीबाई म्हणाल्या.

“सुमंतचा फोन येऊन गेला. काय सांगू?”

“सांगा, आम्ही घरी चाललोय.”

त्यांनी चावी फिरवली. आरशात मागची सीट दिसेल म्हणून त्यांनी आरशाकडे पाहिलं नाही. नरेंद्ररावांनीही मान वळवली नाही. ते अगदी खालच्या आवाजात, ऐकू जाईल न जाईल असं म्हणाले,

“त्यांना पट्टा लावायला सांग.”

मालिनीबाईंना सांगावं लागलं नाही. मागे खट् झालं.